आज कुठला पाय

नानांनी फळ्यावर पाच नावं लिहिली आणि खडू थांबवला.

"सेंटर हाफ," ते म्हणाले. कुणाकडे बघितलं नाही.

बुधवारची संध्याकाळ होती. खडकीतल्या आमच्या फॅक्टरी क्वार्टरच्या व्हरांड्यात बाराचाळ हॉकी संघाची चौदा-पंधरा मुलं मांडीला मांडी लावून बसली होती. शुक्रवारी दुपारी पिंपरीच्या टर्फवर सेमीफायनल होती. नाना म्हणजे माझे वडील, संघाचे चिटणीस. मला कळायला लागल्यापासून तेच. मॅचच्या दोन दिवस आधी सगळ्यांसमोर फळ्यावर यादी लिहायची ही त्यांची पद्धत, आणि तिचे दोन नियम होते. ज्याचं काही दुखत असेल त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं. आणि त्याने एकदा सांगितल्यावर कुणी उलट विचारायचं नाही.

नोएल शेलार पायरीवर बसला होता. उजव्या गुडघ्यावर रुमालात बांधलेला बर्फ. वय एकवीस, सहा नंबरची जर्सी, मधल्या फळीतला आमचा एकमेव माणूस.

"नाना, मला या वेळी राहू द्या," तो म्हणाला. "पाय चालत नाहीये."

नानांनी मान हलवली आणि विकीचं नाव लिहायला खडू उचलला. विकी म्हणजे आमचा राखीव सेंटर हाफ. मी दारात उभी होते. चार महिन्यांची रेवा खांद्यावर, तिला ढेकर यावी म्हणून पाठीवर थोपटत होते. मी मोठ्याने बोलले नाही, पण व्हरांडा लहान होता.

"परवा डावा होता."

"काय?" कॅप्टन इस्माईलने मान वळवली.

"बर्फ. परवा डाव्या पायाला लावला होता. आज उजव्याला आहे."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. इस्माईल म्हणाला, "नोल्या, आज कुठला पाय ते घरून ठरवून येत जा रे. उद्या हाताचं नाव सांगशील." मग सगळा व्हरांडा हसला. नानाही हसले. त्यांचा दुसरा नियम मोडला होता आणि तो मी मोडला होता, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

नोएलसुद्धा हसला. मग त्याने गुडघ्यावरचा बर्फ थोडा सरकवला, जणू तो चुकीच्या जागी ठेवला गेला होता.

सेंटर हाफची जागा फळ्यावर त्या संध्याकाळी रिकामी राहिली.

माझ्या नजरेची घरात थट्टा व्हायची आणि तिला वटही होता. रेवा तीन आठवडे आधी जन्मली. कावीळ झाली म्हणून पाच दिवस दिव्याखाली होती. तेव्हापासून मी सगळं मोजायला लागले. दूध किती वाजता, किती मिनिटं, दुपटी किती ओली झाली, झोपेत मिनिटाला श्वास किती. दोनशे पानी वही केली होती. ती पुढून उघडली की रेवा, मागून उघडली की बाराचाळ. मागची बाजू जुनी सवय होती. कॉलेजात स्टॅटिस्टिक्स घेऊन बी.एस्सी. करत होते तेव्हापासून मी संघाची नोंद ठेवायची. कोण खेळला, कोण बसला, कुणाला काय लागलं. नाना बाहेर सांगायचे, आमची सिलेक्शन कमिटी घरातच आहे.

बाळंतपणाला आल्यापासून मी साडेचार ते साडेसहा खिडकीत बसायची. खिडकीसमोर सरावाचं मैदान. रेवा अंगावर पीत असायची आणि मी समोर बघत. आई आतून ओरडायची, पाजताना बाळाकडे बघावं गं. मी दोन्हीकडे बघायची.

त्या वर्षीच्या संघाबद्दल माझी मतं पक्की होती. बबन, आमचा गोल मारणारा, दिवाळीनंतर रेल्वेत गेला. त्याच्या मागोमाग एक फुल बॅक पोलिसांत गेला. गोलीचं बोट दुसऱ्याच मॅचला मोडलं आणि बदली गोली पेनल्टी कॉर्नरला डोळे मिटतो, हे मला खिडकीतूनही दिसायचं. पुढे धार नाही, मागे भिंत नाही. उरला तो मधला भाग, आणि मधला भाग म्हणजे नोएल. विकी चांगला मुलगा होता, पण बॉल जिकडे द्यायचा तिकडेच आधी बघायचा. समोरच्यांना आमंत्रण दिल्यासारखं. नोएल डावीकडे बघून उजवीकडे द्यायचा. विकीला घेऊन आपण सेमीफायनल हरणार आणि नोएलला घेऊन जिंकणार, असं मी नानांना तीन वेळा सांगितलं होतं.

आमच्याकडे कुणी संघ सोडला की 'गेला' एवढंच म्हणतात. आमच्या संघाला पगार नाही, नोकरी नाही. मुलगा चांगला खेळायला लागला की कुठलं तरी खातं त्याला नोकरी देऊन उचलतं. मग कुणीतरी व्हरांड्यात येऊन सांगतं, अमका गेला. ऐकणारा विचारतो, कुठे? आणि नाना सांगतात. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला आलेला असताना माझ्या नवऱ्याने 'बबनचा मोठा भाऊ गेला' हे ऐकलं आणि तो बिचारा ताटावरून उठून उभा राहिला. नाना म्हणाले, "बसा हो जावईबापू. भुसावळला गेलाय." ती गोष्ट खडकीत अजून सांगतात.

तर त्या महिन्यात मैदानाच्या कडेला सफारी घातलेला एक माणूस दोनदा दिसला होता. मुंबईच्या एका बँकेच्या टीमचा मॅनेजर, असं इस्माईलने सांगितलं. दुसऱ्या वेळी तो चहाच्या टपरीवर नोएलशी बोलत होता. मी वहीत लिहिलं: *जाणार?*

त्याच्या खाली तारीखवार नोंदी होत्या. सोमवार, डावा पाय. गुरुवार, उजवा. पुढचा सोमवार, पुन्हा डावा. दंडावर निळा डाग, मोठा. सराव अर्धा सोडून झाडाखाली झोपला. मांडीवर दोन डाग. हॉकीवाल्याच्या अंगावर डाग असायचेच, त्यात काही विशेष नव्हतं, पण मी सगळंच लिहायची. शेवटच्या ओळीपुढे मी एक शब्द लिहिला होता आणि त्याच्याखाली रेघ मारली होती. *नाटक.*

गुरुवारी दुपारी नोएल मागच्या दाराने आला. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी.

"आईने दिलंय. रेवासाठी."

निळ्या कापडाचं झबलं होतं. त्याची आई, रुथमावशी, संघाच्या जर्सी शिवायच्या, पाठीवरचे नंबर कापून लावायच्या. उरलेल्या कापडातून त्यांनी हे शिवलं होतं. पाठीवर पांढरा एवढासा सहा.

मी त्याला बस म्हटलं. तो स्टुलावर बसला. बसताना ओट्याला हात टेकला, ते मी बघितलं.

"ताई, काल तू म्हणालीस ना..."

"मला जे दिसलं ते मी म्हटलं."

"हो, बरोबरच दिसलं तुला. दोन्ही दुखतात. पण एका वेळी एकच. कधी हा, कधी तो. मुका मार बसल्यासारखं नाही, आत हाडात दुखतं."

"असं कुठे असतं, नोल्या?"

तो खरोखर विचार करायला लागला. मग म्हणाला, "माहीत नाही. मला वाटलं, तुला माहीत असेल. तू शिकलेली."

मला राग आला. मला वाटलं, हा माझी परीक्षा बघतोय.

"आणि तो सफारीवाला? तो कुणाचा पाय बघायला येतो?"

त्याचे कान लाल झाले. चेहऱ्याला मात्र रंग नव्हता, पण ते मला नंतर आठवलं.

"बोलावलंय त्यांनी," तो म्हणाला.

"मग जा की. कुणी अडवलंय? बबन गेला, सगळे गेले. पण सरळ नानांना सांगून जा. सेमीफायनलच्या तोंडावर पायाचं निमित्त कशाला?"

"तसं नाहीये, ताई."

"मग कसं आहे?"

रेवा पाळण्यात हात हलवत होती. त्याने बोट पुढे केलं, तिने घट्ट धरलं. "पकड बघ हिची," तो म्हणाला. "आपल्या गोलीपेक्षा बरी आहे." मी हसले नाही. तिच्या मुठीतून बोट सोडवून घ्यायला त्याने बराच वेळ लावला.

उठताना म्हणाला, "नानांना सांग, नाव लिहा. मी खेळतो. आणि कुठे जात नाहीये, तेही सांग. सगळ्यांना सांग."

तो गेल्यावर मी वही काढली आणि लिहिलं: *नोएल फिट. खेळणार.* मला फार बरं वाटलं. संघाचा मधला भाग मी एकटीने वाचवला होता.

शुक्रवारी मी रेवाच्या कानात कापूस घालून मॅचला गेले. आई नको म्हणत होती, ऊन लागेल, गर्दीत कुणी खोकेल. मलाही ती भीती होतीच, पण मी गेले. पिंपरीच्या स्टेडियममध्ये आमच्या बाजूला शे-दीडशे माणसं होती. व्हरांड्यातला विनोद माझ्याआधी तिथे पोचला होता. संघ मैदानात उतरला आणि कठड्यावरून कुणीतरी ओरडलं, "ए नोल्या, आज कुठला पाय?" मग ती घोषणाच झाली. बॉल त्याच्याकडे आला की एकजण ओरडायचा, 'आज कुठला?' आणि बाकीचे टाळ्या मारायचे. त्यात वाईट कुणाच्या मनात नव्हतं. खडकीत ज्याच्यावर जीव असतो त्यालाच जास्त छळतात.

आणि तो खेळला. मी त्याला शाळेपासून खेळताना बघत होते, पण तसं नाही. समोरचे तिघे त्याच्याभोवती गोळा व्हायचे आणि बॉल चौथ्याच बाजूने निघायचा. दुसरा गोल त्याच्या पासवर झाला. इस्माईलला नुसती स्टिक लावायची होती. नोएल त्या वेळी दुसरीकडेच बघत होता.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्याच्या नाकातून रक्त आलं. त्याला कुणाचा धक्का लागला नव्हता. पंचांनी बाहेर पाठवलं, तो कापूस घालून परत आला. पाच मिनिटांत कापूस लाल. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. जर्सीच्या बाहीला पुसत होता. नाना म्हणाले, उष्णता. मीही मान हलवली. वही सोबत होती, त्यात लिहिलं: *नाकातून रक्त, दोनदा.*

आम्ही दोन-एकने जिंकलो. मुलं त्याला खांद्यावर घेऊन आमच्यासमोरून गेली. त्याने वरून मला बघितलं आणि म्हणाला, "ताई, दोन्ही चालले." त्याचे ओठ पांढरे होते. मी हसून हात केला, रेवाचाही हात धरून हलवला.

रविवारी फायनलला तो अर्धा वेळ खेळला आणि मग कुणी न सांगता चालत बाहेर येऊन बसला. आम्ही तीन गोलांनी हरलो. त्याला कुणी काही बोललं नाही, पण त्याच्या शेजारीही कुणी जाऊन बसलं नाही. परतताना इस्माईल नानांना म्हणाला, हा गेला समजा.

पुढच्या आठवड्यात मी नाशिकला सासरी परतले. रेवाला दात यायला लागले, जुलाब झाले, माझी वही पुढून भरत राहिली. मागची बाजू मी उघडली नाही.

सहा आठवड्यांनी, मंगळवारी सकाळी रुथमावशींचा फोन आला. त्या मला कधी फोन करत नसत. मला वाटलं, झबलं रेवाला होतंय का, विचारत असतील.

नोएल हॉस्पिटलमध्ये होता. ताप उतरत नव्हता म्हणून रक्त तपासलं, आणि त्या रक्तातच सगळं निघालं. रक्ताचा कॅन्सर हा शब्द त्या उच्चारत नव्हत्या, 'रक्ताचं ते' म्हणत होत्या.

"डॉक्टर विचारतात, कधीपासून दुखतंय, कुठे, डाग कधी दिसले. मला कुठलं आठवतंय गं? मी दिवसभर मशीनवर. नोएल म्हणाला, केतकीताईकडे सगळं लिहिलेलं आहे, तारीखवार. तू तेवढा त्या पानाचा फोटो काढून पाठव."

म्हणजे त्याला वही माहीत होती. खिडकीतून मी त्याला बघायची तेव्हा तोही मला लिहिताना बघत असणार.

मी वही मागून उघडली. पान वाचलं. डावा, उजवा, डावा. निळा डाग, मोठा. झाडाखाली झोपला. नाकातून रक्त, दोनदा. एखाद्या डॉक्टरने शिकाऊ मुलांना फळ्यावर लिहून द्यावं तसं सगळं ओळीने होतं, आणि शेजारी माझ्या अक्षरात, रेघ मारून, तो शब्द.

फोटो काढायला मोबाइल वर धरला आणि खाली ठेवला. मग एक कोरा कागद घेतला आणि सगळ्या नोंदी स्वच्छ अक्षरात उतरवून काढल्या. तारखा, पाय, डाग. 'जाणार?' गाळलं. 'फिट' गाळलं. तो शब्द गाळला. पंधरा मिनिटांत एका काळजी करणाऱ्या बाईने ठेवलेली नीटनेटकी नोंद तयार झाली. तिचा फोटो पाठवला.

संध्याकाळी नोएलचा मेसेज आला. *थँक्यू ताई. डॉक्टर म्हणाले, कुणी लिहिलंय हे, आमच्याकडे नोकरीला घ्या तिला.* थोड्या वेळाने दुसरा. *आज डावा.*

मी उत्तर लिहायला घेतलं. बरंच लिहिलं. व्हरांड्यातलं, झबल्याच्या दिवशीचं, सगळं. मग वाटलं, आजारी माणसाला आपलं ओझं कशाला. ते पुसलं आणि जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. खरं कारण ते नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

मी भेटायला जाणार होते. पण रेवा लहान, हॉस्पिटलमधला संसर्ग, असं मी नवऱ्याला सांगितलं. त्यालाही ते पटलं.

त्यानंतर सव्विसाव्या दिवशी दुपारी नानांचा फोन आला. रेवा नुकती रांगायला लागली होती आणि पलंगाखाली शिरत होती. मी एका हाताने तिचा पाय धरला होता, दुसऱ्या हातात मोबाइल.

"केतू," नाना म्हणाले. "नोल्या गेला."

"कुठे?" मी विचारलं.

तोंडातून गेलं ते गेलंच. लहानपणापासून मी तो प्रश्न शेकडो वेळा विचारला होता आणि नानांकडे प्रत्येक वेळी उत्तर असायचं. रेल्वेत, पोलिसांत, भुसावळला. त्या दिवशी फोनमध्ये नुसता त्यांचा श्वास ऐकू येत राहिला. मी तोही मोजला असेन.

महिन्याभराने मी खडकीला गेले. पिशवीत वही होती. रुथमावशींना खरं पान दाखवायचं, हे बसमध्ये बसतानाच ठरवलं होतं. कसं बोलायचं, पहिलं वाक्य कुठलं, तेसुद्धा.

त्यांच्या खोलीत शिवणाचं मशीन खिडकीशी होतं, त्याच्यावर कपडा घातलेला. भिंतीवर येशूच्या तसबिरीखाली नोएलचा संघाच्या कपड्यातला फोटो. रुथमावशींनी रेवाला मांडीवर घेतलं. रेवाच्या अंगात निळं झबलं होतं, आता काखेत घट्ट होत होतं. त्यांनी पाठीवरच्या सहावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, एक टाका सुटलाय.

मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले होते. त्या म्हणाल्या, डॉक्टर म्हणाले, महिनाभर आधी कळलं असतं तर औषधाला वेळ मिळाला असता. मग म्हणाले, पण सांगता येत नाही. "ते काय, दोन्हीकडून बोलतात," रुथमावशी म्हणाल्या.

मग त्यांनी बायबलमध्ये ठेवलेलं एक पाकीट काढलं. "हे बघ. तुला दाखवायचं होतं. माझ्या लेकराला बँकेने बोलावलं होतं. माझ्याशिवाय कुणाला बोललासुद्धा नाही."

बँकेचं पत्र होतं. इंग्रजीत, शिक्का मारलेलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून अर्थ सांगायला लागले. आपली क्रीडा कोट्यातून निवड विचाराधीन आहे. आपण वैद्यकीय तपासणीसाठी मुंबईच्या कार्यालयात हजर राहावे. तारीख आणि वार होता. तोच, सेमीफायनलचा शुक्रवार. सकाळी अकरा. खाली काय काय तपासणार त्याची यादी होती. डोळे. छातीचा एक्स-रे. त्यानंतरची ओळ मी मनात वाचली आणि सांगितली नाही.

रक्त.

त्या शुक्रवारी सकाळी अकराला तो सहा नंबरची जर्सी घालून इस्माईलच्या स्कूटरवर मागे बसला असेल. मॅच तीनची होती. त्या दिवशी त्याला खेळायचं नव्हतं ते पायामुळे की या पत्रामुळे, मला माहीत नाही. दोन्ही खरं असेल, त्याच्या पायांसारखं.

"मी म्हटलं त्याला, जा," रुथमावशी सांगत होत्या. "आदल्या दिवशी सकाळपर्यंत जातो म्हणत होता. शर्ट इस्त्री करून ठेवला होता मी. दुपारी तुझ्याकडे झबलं देऊन आला आणि म्हणाला, नाही जात. लोक म्हणतील, नाटक करून पळाला. क्लबसाठी सोडलं बघ त्याने."

मी पत्राची घडी घातली. जशी होती तशीच, त्याच रेषांवर.

"सगळी खडकी त्याला खेळताना बघायची," त्या म्हणाल्या. "पण त्याच्याकडे लक्ष एकटीचं होतं. तुझं. मी आई असून मला दिसलं नाही ते तू लिहून ठेवलंस. मी सगळ्यांना सांगते."

मी म्हटलं, "मावशी, ते..."

"ती वही मला देशील?" त्यांनी विचारलं. "फोटो आहे मोबाइलमध्ये, पण तो कागद. मला ती वही पाहिजे. त्याचं इतकं कुणी लिहिलेलं नाही."

पिशवी माझ्या पायाशी होती. वहीचा कोपरा वर दिसत होता. मी पायाने पिशवी स्टुलाखाली सरकवली.

"त्यात रेवाचं सगळं लिहिलंय, मावशी," मी म्हणाले. "दूध, औषधं."

"हो गं," त्या लगेच म्हणाल्या. "खरंच की. बाळाची वही कशी मागितली मी. राहू दे, राहू दे."

रेवाला माझ्याकडे देऊन त्या उठल्या आणि मशीनवरचा कपडा काढला. म्हणाल्या, झबलं काढ तिचं, तेवढा सहाचा टाका घालून देते.